लाल न होताच वितळणारा धातू: किल्टच्या पट्ट्याचं प्यूटरचं बक्कल

स्कॉटलंडचा किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख, कमरेवर टिकतो तो त्यालाच शिवलेल्या दोन-तीन छोट्या चामडी बंदांमुळे. वरून बांधला जाणारा रुंद पट्टा, साधारण 57 मिलिमीटरचा, मुख्यतः शोभेचा असतो. पुढे लटकणारी स्पोरन ही पिशवीसुद्धा बहुधा स्वतःच्या वेगळ्या साखळीवर असते. त्यामुळे बकलावर फारसा भार येत नाही आणि ते प्यूटरसारख्या मऊ, मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूचं करता येतं. तरीही बकलाचा एक भाग प्यूटरचा कधीच करू नये, तो म्हणजे पट्ट्यात अडकणारा मागचा आकडा.

आजच्या चांगल्या प्यूटरमध्ये सुमारे 92 टक्के कथील, 6 टक्के अँटिमनी आणि 2 टक्के तांबं असतं. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तेच हे कथील. जुन्या प्यूटरमध्ये शिसंही असे, म्हणून बाजारात मिळालेला जुना मग किंवा थाळी वितळवून बक्कल ओतू नये. शुद्ध कथील फार मऊ. अँटिमनीमुळे त्यात कठीण, चौकोनी स्फटिक तयार होतात आणि तांब्यामुळे सुईसारखे. त्यांच्यामुळे धातूला ताठपणा येतो. अँटिमनी 631 अंशांना आणि तांबं 1085 अंशांना वितळतं, त्यामुळे घरी मिश्रण करण्यापेक्षा तयार लगड घेणं शहाणपणाचं.

आता आकड्याचं कारण. हा मिश्रधातू 244 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर 517 केल्विनला. खोलीतलं 25 अंश तापमान म्हणजे 298 केल्विन. याचा अर्थ नुसता टेबलावर पडलेला प्यूटरही त्याच्या वितळणबिंदूच्या 58 टक्क्यांवर असतो. लोखंडाला तेवढं गाठायचं तर सुमारे 770 अंशांपर्यंत, पार लाल होईतो तापवावं लागेल. म्हणून प्यूटर ठोकून कडक होत नाही, त्याचे स्फटिक खोलीच्या तापमानालाच पुन्हा जुळून येतात. सतत ओढ लागली की तो हळूहळू वाकत जातो. प्यूटरचा आकडा पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण चामड्याच्या रोजच्या ओढीने उघडत जातो. पट्टा अडकवण्याची आडवी दांडी आणि आकडा दोन्ही पितळेचे किंवा पोलादाचे घ्यावेत. दांडीची आतली मोकळी जागा 59 ते 60 मिलिमीटर ठेवावी, नाहीतर पट्ट्याच्या कडा दुमडतात.

85 बाय 65 मिलिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची सपाट पाटी सुमारे 120 ग्रॅम भरते. पाठीकडून थोडी खोलगट केली की वजन उतरतं. साचा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन रबराचा, दोन भागांचा. गुंतागुंतीची केल्टिक वेलगाठ किंवा काटेरी थिसलचं फूल त्यातून न तुटता सुटतं, कारण रबर वाकतं. साचा उभा धरायचा, ओतायचं तोंड जाड कडेला आणि 10 ते 12 मिलिमीटर रुंद, लांबच्या कोपऱ्यांतून हवा निघायला 1 मिलिमीटरच्या खाचा. आतून टाल्कमचा हलका हात फिरवावा. साच्यात ओलावा अजिबात नको. पाण्याचा थेंब क्षणात वाफ होतो आणि वितळलेला धातू अंगावर उडवतो. डोळ्यांवर चष्मा, हातात चामडी मोजे आणि खेळती हवा हवीच.

धातू 300 ते 330 अंशांवर आणून वरची राखाडी मळी काढावी आणि न थांबता एका धारेत ओतावा. तापमापक नसेल तर पाइनची काडी बुडवून पाहावी. ती जेमतेम तपकिरी झाली तर ठीक, लगेच काळी पडली तर धातू जास्त तापलाय. थंड साच्यात पहिले दोन-तीन नग बहुधा अर्धवट भरतात, ते परत मुशीत टाकायचे. कडा गोलसर आल्या किंवा दोन धारा एकजीव झाल्या नाहीत, तर धातू किंवा साचा थंड होता. पृष्ठभाग दाणेदार, निस्तेज आला, तर दोन्हींपैकी काहीतरी फार गरम होतं. ओतल्यावर तोंडातल्या धातूवर नजर ठेवावी. आरशासारखी चकाकी मंद होते आणि मधे खळगा पडतो. गोठताना धातू आकसतो, त्याची भरपाई हा तोंडातला साठा करतो. खळगा तिथे न पडता बकलावर पडला, तर तोंड अरुंद आहे.

आकड्याच्या पायाला दोन भोकं पाडून तो साच्यातच ठेवला, तर धातू भोकांतून आरपार जाऊन त्याला पकडतो. आमच्या मते हीच भरवशाची पद्धत. नंतर जोडायचा तर 138 अंशांना वितळणारं कथील-बिस्मथचं सोल्डर, म्हणजे सांधा जोडणारा मिश्रधातू, वापरावं. 30 मिलिलिटर ग्लिसरिनमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचे 10 थेंब हा जुना द्राव सांध्यावर सोल्डर नीट धरावं यासाठी चालतो. ज्योत सतत हलती हवी. चांदी तापताना लाल होऊन इशारा देते, प्यूटर तसा देत नाही. तो क्षणात ढासळतो.

कानस जाड दातांची घ्यावी आणि तिच्यावर खडू घासावा, म्हणजे मऊ धातू दातांत भरत नाही. ही कानस चांदीकामाला पुन्हा वापरू नये. प्यूटरचा कीस चांदीवर राहून तापला की तिला खड्डे पाडतो. मग 320, 400, 600 नंबरचे कागद क्रमाने. नक्षी उठून दिसावी म्हणून खोलगट भाग काळा करतात. चांदीला लागणारं गंधकाचं मिश्रण इथे निरुपयोगी, कथील त्याला फारशी दाद देत नाही. प्यूटरसाठीचा वेगळा आम्लधर्मी द्राव मिळतो. तो लावून धुतल्यावर सर्वांत बारीक स्टील वूलने वरचे भाग पुसून उजळायचे. नक्षी किमान 1 मिलिमीटर खोल नसेल, तर याच पुसण्यात काळेपणाही निघून जातो, म्हणून खोलीचा विचार साच्यासाठीचा मूळ नमुना कोरतानाच करावा लागतो.