अंधुक लघुग्रह म्हणजे छोटा लघुग्रह? अजिबात नाही

दुर्बिणीतून अंधुक दिसणारा लघुग्रह छोटाच असणार, हा समज जुना आहे आणि चुकीचा. मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य लघुग्रह पट्ट्यातला २५३ मॅथिल्डे हा लघुग्रह घ्या. कोळशासारखा काळा; पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परत फेकतो. तो १६ टक्के फेकतो असं धरून नुसत्या तेजावरून माप काढलं, तर व्यास निम्मा येतो आणि घनफळ थेट एक-अष्टमांश! म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येणारी उष्णताही मोजावी लागते, कारण काळा पृष्ठभाग जास्त तापतो. २७ जून १९९७ ला नासाचं निअर यान त्याच्यापासून १,२१२ किलोमीटरवरून गेलं, तेव्हा सरासरी व्यास सुमारे ५३ किलोमीटर भरला. घनता मात्र पाण्याच्या फक्त १.३ पट, म्हणजे आत भरपूर पोकळी. सूर्याभोवती फेरी ४.३ वर्षांची, स्वतःभोवती फिरायला तब्बल १७.४ दिवस.