परदेशी बंदरात जहाजाची तपासणी: जोखमीचे गुण, कागदपत्रे आणि डिटेन्शन

सिंगापूर, चीन, जपान किंवा ऑस्ट्रेलियाच्या बंदरात जहाज लागायच्या आधी कॅप्टनपासून मेसमनपर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न असतो, पीएससी येणार का? पीएससी म्हणजे पोर्ट स्टेट कंट्रोल. परदेशी झेंड्याचे, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेले जहाज एखाद्या देशाच्या बंदरात आले की त्या देशाचे अधिकारी ते तपासतात. यासाठी अर्ज करायचा नसतो आणि नकोही म्हणता येत नाही. आपली पाळी कधी येणार, याचा अंदाज मात्र बांधता येतो.

आशिया-पॅसिफिकमधल्या बंदरांत हे टोकियो करारानुसार, म्हणजे तिथल्या देशांनी अशा तपासण्यांसाठी केलेल्या करारानुसार ठरते. जोखमीवर आधारलेली सध्याची पद्धत 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे. भारत या करारात नाही. आपली बंदरे हिंदी महासागर करारात येतात आणि त्याचे सचिवालय गोव्यात आहे.

जोखमीच्या गुणांचा हिशेब असा. टँकर, गॅस कॅरिअर, बल्क कॅरिअर, कंटेनर किंवा प्रवासी जहाज असेल तर 2 गुण. वय 12 वर्षांपेक्षा जास्त असेल तर 1. झेंडा कराराच्या काळ्या यादीतल्या (वाईट कामगिरीच्या) देशाचा असेल तर 1, क्लास सोसायटीची, म्हणजे जहाज तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची कामगिरी वाईट असेल तर आणखी 1. कंपनीची कामगिरी वाईट असली, किंवा गेल्या 36 महिन्यांत तिच्या एकाही जहाजाची तपासणी झाली नसली, तर 2. याच काळात ज्या ज्या तपासणीत 5 पेक्षा जास्त त्रुटी निघाल्या, तिचा प्रत्येकी 1 गुण. जहाजाचे तीनदा किंवा अधिक वेळा डिटेन्शन झाले, म्हणजे अधिकाऱ्यांनी ते बंदरात अडकवून ठेवले असेल, तर अजून 1. बेरीज 4 किंवा जास्त झाली की जहाज 'हाय रिस्क'.

म्हणजे 15 वर्षांचा बल्क कॅरिअर कितीही नीटनेटका ठेवला तरी 3 गुण घेऊनच येतो, आणि कंपनी नवखी असली की थेट 5 वर जातो. हा नियम मला थोडा कडक वाटतो. पण नाव बदलून नवी कंपनी थाटणाऱ्यांना दुसरा लगाम कोणता घालणार?

हाय रिस्क जहाजाची तपासणी 2 ते 4 महिन्यांनी, स्टँडर्डची (ना हाय, ना लो) 5 ते 8 आणि लो रिस्कची 9 ते 18 महिन्यांनी होते. पहिला आकडा उलटला की अधिकारी येऊ शकतात, दुसरा उलटला की त्या जहाजाला अग्रक्रम मिळतो. टक्कर झाली, जहाज रुतले किंवा खलाशाने तक्रार केली, तर हे वेळापत्रक बाजूला पडते. तक्रार करणाऱ्याचे नाव कॅप्टनला किंवा मालकाला सांगायचे नसते, हे नव्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

लो रिस्कसाठी वय आणि प्रकार पाहतच नाहीत. झेंडा पांढऱ्या (चांगल्या कामगिरीच्या) यादीतला आणि आयएमओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे ऑडिट झालेला हवा, क्लास आणि कंपनी दोन्ही उत्तम हवेत, आणि 36 महिन्यांत निदान एक तपासणी झालेली हवी. त्या काळातल्या एकाही तपासणीत 5 पेक्षा जास्त त्रुटी नकोत, डिटेन्शन तर नकोच.

अधिकारी आले की आधी कागद मागतात. टनेज, लोड लाइन, सेफ्टी कन्स्ट्रक्शन, सेफ्टी इक्विपमेंट, रेडिओ, आयओपीपी (तेलप्रदूषण रोखणे), आयएसएम (सुरक्षित व्यवस्थापन), आयएसपीएस (घातपातापासून सुरक्षा) आणि एमएलसीची (खलाशांचे काम आणि राहणीमान) सर्टिफिकेट, किमान किती माणसे हवीत ते सांगणारे सेफ मॅनिंग डॉक्युमेंट, सगळ्यांची सीओसी (पात्रतेचा दाखला) आणि मेडिकल, ऑइल रेकॉर्ड बुक, विश्रांतीच्या तासांची नोंद. ही नोंद नीट भरा. रात्री दोनला ब्रिजवर असलेला माणूस वहीत झोपलेला निघाला, तर कागदांवरचा विश्वास उडतो आणि सविस्तर तपासणी सुरू होते. मग लाइफबोट उतरवून दाखवा, इमर्जन्सी फायर पंप चालू करा, ड्रिल घ्या.

त्रुटींची यादी अहवालात कोड लावून मिळते. 17 म्हणजे निघण्यापूर्वी दुरुस्त करा, 16 म्हणजे 14 दिवसांत. 30 आला की जहाज अडकले. डिटेन्शनविरुद्ध कंपनीला त्या देशाच्या नियमांनुसार अपील करता येते, पण अपील केले म्हणून जहाज सुटत नाही. सहसा दुरुस्ती करून पुन्हा तपासणी झाल्यावरच निघता येते.