ग्रीक काव्यातील वीरधर्म

योद्ध्याचे मोठेपण कशात आहे, त्याने कोणासाठी लढावे आणि रणात पाठ दाखविल्यास त्याची काय गत होते, यांविषयी प्राचीन ग्रीक काव्यात आढळणाऱ्या कल्पना. होमरच्या *इलिअड* या ट्रॉयच्या युद्धावरील महाकाव्यापासून (सामान्यतः इ. स. पू. आठव्या शतकाचा उत्तरार्ध. काहींच्या मते सातव्या शतकाचा पूर्वार्ध) ग्रीक-इराणी युद्धांपर्यंत (इ. स. पू. 490–479) त्यांचा माग काढता येतो. क्षात्रधर्म ही आपल्याकडील संज्ञा येथे बेतानेच वापरावी. ग्रीकांकडे योद्ध्याची कर्तव्ये नेमून देणारे धर्मशास्त्र नव्हते. त्याविषयी जे सांगितले, ते प्रथम कवींनीच.

होमरच्या काव्यात चार कल्पना वारंवार येतात : अरेते (श्रेष्ठत्व, मुख्यतः पराक्रम), तिमे (मान, आणि त्याची दृश्य खूण म्हणून लुटीतील वाटा), क्लेओस (कीर्ती) आणि आयदोस (लाज, भीड). त्यांचा परस्परसंबंध सर्वांत नेमका दिसतो तो बाराव्या सर्गात, लिशियाचा राजा सार्पेडन आपला सोबती ग्लॉकस याच्याशी बोलतो तेथे. मेजवानीत आपल्याला मानाची जागा, मांसाचा चांगला वाटा आणि भरलेले पेले का मिळतात, झँथस नदीकाठची मळ्याची व गव्हाची इनाम जमीन आपण का उपभोगतो, असे तो विचारतो. उत्तरही तोच देतो : आपण बिनीला उभे राहतो म्हणून, आणि म्हणूनच आज तेथे उभे राहिले पाहिजे. येथवर हा रोकडा व्यवहार आहे. पण सार्पेडन पुढे म्हणतो की, हे युद्ध टाळून आपण अजरामर होणार असतो, तर मी स्वतः लढलो नसतो आणि तुलाही लढायला धाडले नसते. मृत्यू चुकणारच नाही, तेव्हा चल. लढाईत पडल्यास स्वर्ग मिळेल, असे आश्वासन त्याच्या बोलण्यात नाही. गीतेतील क्षत्रियाला केलेल्या उपदेशाशी या उताऱ्याची तुलना होते, पण ती करताना ही उणीव विसरून चालत नाही.

हा व्यवहार मोडला म्हणजे काय होते, हा *इलिअड*चा खरा विषय. ग्रीक सेनेचा प्रमुख अॅगमेम्नॉन याने अकिलीझ या योद्ध्याला लुटीत मिळालेल्या ब्रिसेइसला नेले म्हणजे त्याची तिमे हिरावून घेतली. नवव्या सर्गात समजूत घालायला आलेल्यांना अकिलीझ सांगतो की, घरी बसणारा आणि जिवावर उदार होऊन लढणारा यांना येथे सारखाच मान मिळतो. आपल्यापुढे दोन वाटा आहेत, असेही तो म्हणतो : ट्रॉयपुढे लढून अक्षय कीर्ती, किंवा घरी परतून दीर्घ आयुष्य. मूळ ग्रीकमधील ‘क्लेओस आफ्थितोन’ या शब्दजोडीचे ऋग्वेदातील ‘श्रवः… अक्षितम्’शी (१·९·७) असलेले साम्य जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडाल्बेर्ट कून याने 1853 मध्ये दाखविले. त्यावरून वीरकीर्तीची कल्पना मूळ इंडो-यूरोपीय काव्यपरंपरेतून आली, असे मानण्याकडे कल होता. होमरमध्ये ही शब्दजोडी एकदाच येते, शिवाय तेथे ‘आफ्थितोन’ हे विधेय असावे (म्हणजे ‘अक्षय कीर्ती’ नव्हे, तर ‘कीर्ती अक्षय होईल’), असे आक्षेप पुढे घेण्यात आले. शब्दांची व्युत्पत्ती एकच आहे याविषयी वाद नाही. एका शब्दजोडीवरून सबंध वीरनीती एका मूळ परंपरेत ढकलणे मात्र धाडसाचे ठरेल.

ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचे प्रकरण वेगळे आहे. सहाव्या सर्गात त्याची पत्नी अँड्रोमॅकी त्याला तटावरच थांबायला विनविते. मागे राहिलो तर ट्रोजन पुरुषांची आणि लांब पदरांच्या स्त्रियांची मला लाज वाटेल, असे तो उत्तर देतो. बाराव्या सर्गात त्याचा सहकारी पॉलिडॅमस याने पक्ष्याचा अपशकुन सांगितला, तेव्हा मायभूमीसाठी लढणे हाच एक उत्तम शकुन, असे तो बजावतो. हे वाक्य पुढे देशभक्तीचे वचन होऊन बसले. काव्यात मात्र त्याचा संदर्भ बोचरा आहे : पॉलिडॅमसचा सल्ला बरोबर होता. सैन्य शहरात मागे घे, हा त्याचाच पुढचा सल्लाही हेक्टरने झिडकारला. बाविसाव्या सर्गात तो वेशीबाहेर एकटा उभा राहतो त्याचे एक कारण हेच, की आत गेलो तर पहिला दोष पॉलिडॅमस देईल. ज्या लाजेने त्याला शहराचा रक्षक केले, तीच शहराला रक्षकावाचून ठेवते. होमर या विसंगतीवर भाष्य करीत नाही.

सातव्या शतकात एलेजी या दोन-दोन ओळींच्या वृत्तात थेट आवाहन करणारी कविता दिसू लागते. किमेरियन टोळ्यांच्या स्वाऱ्यांच्या काळात एफेससच्या कॅलिनसने तरुणांना ‘कुठवर असे पडून राहणार?’ असे विचारले. जमीन, मुले आणि बायको यांच्यासाठी लढणे मानाचे, मरण घरातही गाठतेच, आणि शूराला लोक बुरुजासारखे पाहतात, हा त्याचा युक्तिवाद. त्याची सलग म्हणावी अशी एकच कविता स्टोबीअस या संकलकाच्या उताऱ्यांच्या संग्रहामुळे टिकली.

या प्रकारातील प्रमुख कवी स्पार्टाचा टिर्टीअस. स्पार्टाने शेजारच्या मेसीनियाशी केलेले पहिले मेसीनियन युद्ध ‘आमच्या बापांच्या बापांनी’ एकोणीस वर्षे लढले, या त्याच्याच ओळींवरून त्याचा काळ दुसऱ्या मेसीनियन युद्धाशी, म्हणजे सातव्या शतकाच्या मध्याच्या आसपास, जोडतात. *सूदा* हा बायझंटिन कोश 640–637 हे ऑलिंपियाड देतो. त्याच्या जन्मस्थानाचा वाद जुना आहे. तो मूळचा अथेन्सचा, पुढे स्पार्टाचा नागरिक झाला, असे प्लेटो सांगतो. अथेन्सने स्पार्टाकडे मुद्दाम एक लंगडा, सामान्य बुद्धीचा पंतोजी धाडला आणि तोच विजयाला कारण झाला, ही कथा प्रवासवर्णनकार पॉसेनिअस देतो. *सूदा*त त्याला लॅकोनियाचा किंवा मायलीटसचा म्हटले आहे. भूगोलकार स्ट्रेबोने या वादातील कळीचा मुद्दा पकडला : मध्य ग्रीसमधील वादळी एरिनीअस सोडून हेराक्लीझच्या वंशजांसह ‘आम्ही’ (म्हणजे स्पार्टाचे लोक) पेलोपनीसमध्ये आलो, असे टिर्टीअस लिहितो, तेव्हा एकतर या ओळी नाकाराव्या लागतील, नाहीतर त्याला अथेन्सचा म्हणणाऱ्या फिलोकोरस या इतिहासकाराला तरी. आधुनिक अभ्यासक बहुधा अथेन्सची कथाच सोडतात. स्पार्टाच्या विजयाचे श्रेय आपल्याकडे वळविण्यात अथेन्सला रस होता, हे उघड आहे. त्याच्या एलेजींत आयोनियन वळणाची भाषा आहे हा आक्षेपही टिकत नाही. एलेजीची भाषा सगळीकडे तशीच होती.

दुसरा वाद उसनवारीचा. तरुण वीर रणात पडला तरी शोभतो, पण पिकल्या केसांचा म्हातारा आघाडीवर मरून पडणे लाजिरवाणे, असे टिर्टीअस तरुणांना सुनावतो; रक्ताळलेले गुप्तांग हातांनी झाकीत धुळीत पडलेल्या वृद्धाचे चित्र त्यात आहे. जवळपास हेच चित्र *इलिअड*च्या बाविसाव्या सर्गात हेक्टरचा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम स्वतःविषयी रंगवतो. प्रायमला हेक्टरने लढू नये असे वाटते, मग तो तरुणाच्या मरणाची शोभा का सांगेल? या अडचणीमुळे होमरमधील ओळी मागाहून घुसल्या, असे काहींनी मानले. टिर्टीअसने त्या महाकाव्यातून घेतल्या किंवा दोघांनीही प्रचलित साठ्यातून उचलल्या, हे मत अधिक संभवनीय वाटते.

‘खरे श्रेष्ठत्व कोणते’ या विषयावरील त्याची कविता (संग्रहांतील क्रमांक 12) महत्त्वाची आहे. धावण्यातला वेग, सायक्लोप्सचे बळ, टिथोनसचे रूप, मिडासचे धन, अॅड्रॅस्टसची वाणी, सारे असून रणातले धैर्य नसेल, तर त्या माणसाचे नावही घेणार नाही, असे कवी म्हणतो. असे धैर्य नगराचे आणि सर्व लोकांचे सामाईक हित होय. असा वीर पडल्यास सारे नगर शोक करते, त्याची मुले-नातवंडे ओळखली जातात. परतल्यास म्हातारेही उठून त्याला जागा देतात. होमरचीच शब्दकळा आहे, पण कीर्ती देणारा आता राजा किंवा भाट नसून नगर आहे. जर्मन अभ्यासक विलामोव्हिट्सने ही कविता टिर्टीअसची नसल्याचे मत मांडले होते. व्हेर्नर येगरने 1932 मध्ये तिची बाजू घेतली आणि आज ती बहुधा त्याचीच मानतात. या सामाईक हिताची दुसरी बाजूही टिर्टीअसच्याच एका तुकड्यात सापडते : जिंकलेले मेसीनियन लोक ओझ्याखालच्या गाढवांसारखे निम्मे पीक धन्याकडे वाहून नेतात.

त्याच्या कवितेतील लढाईचे तंत्र वादग्रस्त आहे. पाय फाकून घट्ट उभे राहा, ओठ दातांनी चावा, पायाला पाय, ढालीला ढाल, तुऱ्याला तुरा भिडवा, या सूचनांवरून हॉप्लाइट (मोठी ढाल व भाला घेतलेल्या जड पायदळातील) सैनिकांची दाट फळी तेव्हा पूर्ण रूढ झाली होती, असे म्हणतात. सु. 650–640 मधील म्हटल्या जाणाऱ्या कीजी कलश या ग्रीक मातीच्या भांड्यावरील लढाईचे चित्र यास पुष्टी देते. पण त्याच कवितेच्या अखेरीस हलके सैनिक ढालींच्या आड दबून दगड व भाले फेकताना दिसतात. काटेकोर फळीत त्यांना जागा नसते. शस्त्रे आधी आली आणि शिस्त सावकाश, हे मत सध्या अधिक पटण्याजोगे आहे. ‘सामूहिक लढाईतून सामूहिक नीती’ हे जुने सूत्र त्यामुळे जरा सैल करावे लागते.

या कविता स्पार्टात प्रत्यक्ष वापरात होत्या. मोहिमेवर राजाच्या तंबूपाशी सैनिकांना जमवून त्या ऐकवाव्यात असा नियम असल्याचे अथेन्सचा वक्ता लिकर्गस इ. स. पू. 330 मधील भाषणात सांगतो. फिलोकोरसच्या सांगण्याप्रमाणे जेवणानंतर एकेकाने त्या गायच्या आणि सरस गाणाऱ्याला सेनानीने मांस बक्षीस द्यायचे.

विरोधी सूरही त्याच शतकातला आहे. पॅरोसचा आर्किलोकस (त्याने वर्णिलेले सूर्यग्रहण बहुधा इ. स. पू. 648 चे) स्वतः भाडोत्री सैनिक असावा. थ्रेसमधील सायन लोकांशी झालेल्या चकमकीत ढाल झुडपापाशी टाकून जीव वाचविला, दुसरी तितकीच चांगली घेऊ, असे तो बेदिक्कत सांगतो. यामुळे स्पार्टाने त्याला हाकलले, ही प्लूटार्कची हकीकत नंतर रचलेली असण्याचा संभव आहे. मात्र त्याला भेकडपणाचा पुरस्कर्ता ठरविणे चूक. ऐटबाज सेनापतीपेक्षा बुटका, फेंगड्या पायांचा पण पाय रोवून उभा राहणारा बरा, असेही त्याचेच म्हणणे. लेस्बॉस बेटावरील कवी आल्सीअस यानेही ढाल गमावल्याचे लिहिले. तेथीलच कवयित्री सॅफो हिने घोडदळ, पायदळ व आरमार यांच्यापेक्षा आपले प्रिय माणूस सुंदर ठरविले. स्त्रीकवींचे इतके थोडे उरले आहे की त्यापुढे विधान करणे कठीण.

इराण्यांशी झालेल्या थर्मॉपिलीच्या लढाईतील (इ. स. पू. 480) स्पार्टन मृतांवरील प्रसिद्ध दोन ओळी कवी सिमॉनिडीझच्या नावावर सांगतात. इतिहासकार हिरॉडोटस मात्र त्याचे नाव फक्त मेगिस्टिअस या ज्योतिष्याच्या स्मृतिलेखाशी जोडतो. त्या ओळींत पराक्रमाचे वर्णन नाही, आज्ञा पाळल्याचा निरोप तेवढा आहे. सिमॉनिडीझने प्लाटीआच्या लढाईवर (479) रचलेल्या एलेजीचे पपायरसवरील अवशेष 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. अकिलीझला उद्देशून सुरू होणारी ही कविता ट्रॉयच्या वीरांना होमरमुळे मिळालेल्या कीर्तीची आठवण करून नंतर स्पार्टन सैन्याच्या कूचेकडे वळते. युद्धवर्णनाचा भाग इतका त्रुटित आहे की, कोणकोणत्या नगरांचा त्यात गौरव होता याविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही.