एनएसएक्स धावते, तिचे डबे बंद झाले

होंडाची एनएसएक्स ही स्पोर्ट्‌स कार लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. १९९० मध्ये ती जपानमध्ये विक्रीला आली आणि डिसेंबर २००५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पंधरा वर्षांत जगभरात मिळून जेमतेम १८ हजार गाड्या. सगळी काया ॲल्युमिनियमची, त्यामुळे पत्रा गंजून खाली गळण्याचा प्रश्न नाही. व्ही-सिक्स इंजिन वेळच्या वेळी ऑइल आणि टायमिंग बेल्ट बदलला तर लाख-दोन लाख किलोमीटर तक्रार न करता धावतं. अशी दणकट गाडी मालकाला नडते ती एसीच्या बटणांपाशी.

डॅशबोर्डच्या मध्यावर असलेलं क्लायमेट कंट्रोल युनिट, म्हणजे एसी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, हे एनएसएक्सचं जगजाहीर दुखणं आहे. आधी पंख्याचा वेग आपोआप वर-खाली होऊ लागतो, मग एखादं बटण दाद देत नाही, शेवटी डिस्प्ले अंधारतो. दुसरं दुखणं बोसच्या स्पीकरांचं. या गाडीत प्रत्येक स्पीकरच्या डब्यातच त्याचा स्वतःचा अँप्लिफायर बसवलेला आहे. तो करकर आवाज करायला लागला की समजायचं, आतला बोर्ड झिरपलेल्या द्रवाने ओला झालाय. तिसरं दुखणं इंधनपंपाला वीज देणाऱ्या मेन रिलेचं. गाडी उन्हात तासभर उभी राहिली की स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, आणि सावलीत थंड झाली की काही झालंच नाही अशी सुरू होते. रिलेच्या पायांपाशी सोल्डर तडकलेलं असतं, उष्णतेने फट रुंदावते. एवढीच गोष्ट.

तिन्ही दुखणी विजेची असली तरी इलाज सारखा सोपा नाही. मेन रिले हा होंडाच्या त्या काळच्या सिव्हिक, अकॉर्ड यांच्या कुळातला. त्या गाड्या लाखांनी विकल्या गेल्या, त्यांनाही हाच रोग होता, म्हणून त्याचा उपायही घरोघरी पोचला: झाकण काढा, पाय पुन्हा सोल्डर करा. क्लायमेट कंट्रोलचा डबा मात्र फक्त एनएसएक्सचा. दुसऱ्या कुठल्याच गाडीला तो बसत नाही, म्हणून दुसऱ्या कुणालाच त्याची गरज नाही. स्पोर्ट्‌स कारच्या बंद झालेल्या इलेक्ट्रॉनिक भागांचं मूळ दुखणं गाडीच्या वयापेक्षा या एकटेपणात आहे.

हे डबे गाडीत आले कुठून, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. १९६७ मध्ये बॉशने डी-जेट्रॉनिक ही इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगन १६०० मध्ये आणली. कारण होतं अमेरिकेतले, विशेषतः कॅलिफोर्नियातले धुराचे नियम. कार्ब्युरेटरला ती मापं पाळणं जड जात होतं. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये मोट्रॉनिक आलं, म्हणजे इंधन आणि ठिणगी दोन्हींचा हिशोब एकाच डब्यात. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांकडे पैसा होता आणि हौसही होती. १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये चारही चाकांना ताकद वाटणारी आणि मागची चाकं वळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. एनएसएक्समध्ये चार चॅनेलचं एबीएस, चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, ऑटोमॅटिक मॉडेलला विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग आणि १९९५ पासून केबलच्या ओढीऐवजी विजेच्या संकेतावर चालणारा ॲक्सिलरेटर. तेव्हा ही भविष्याची चाहूल वाटली. आज त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे सीटखाली किंवा डॅशमागे दडलेला एकेक ॲल्युमिनियमचा डबा आहे.

या डब्यांचं दुर्दैव असं की ते इलेक्ट्रॉनिक्सच्या एका वाईट दशकात जन्मले. बोर्डावर छोट्या नळकांड्यासारखे दिसणारे, वीज क्षणभर साठवणारे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, त्यांच्या आत एक द्रव असतो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी उत्पादकांनी त्यात क्वाटर्नरी अमोनियमचे क्षार वापरायला सुरुवात केली. त्याने कपॅसिटरचा अंतर्गत रोध कमी झाला, थंडीतही तो नीट चालू लागला, आकार लहान झाला. पुढे लक्षात आलं, की ऋण टोकापाशी अल्कली तयार होऊन ती खालचं रबरी बूच खाते आणि द्रव बाहेर झिरपतो. त्याच सुमाराचे कॅमकॉर्डर आणि ॲपलचे मॅकिंटॉश संगणक याच रोगाने गेले. (२००० नंतर संगणकांचे मदरबोर्ड फुगून मेले तो प्रकार वेगळा, तिथे द्रवाचं रसायन दुसरंच होतं. दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

डबा उघडून पाहिला तर खूण सहज सापडते. कपॅसिटरच्या बुडाशी बोर्डाची हिरवी कातडी काळपट किंवा तपकिरी झालेली, शेजारच्या चिपच्या पायांची चकाकी गेलेली, कुठे तांब्याची रेघ हिरवट पडून तुटलेली. त्यावर गरम सोल्डरिंग आयर्न टेकवलं की सुक्या मासळीचा वास सुटतो. तो त्या क्षारातून सुटणाऱ्या अमाइनचा. हा वास आला म्हणजे निदान पक्कं.

उष्णता हे काम लवकर उरकते. कपॅसिटरवर छापलेलं असतं, समजा, १०५ अंशांना २,००० तास. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणजे ६५ अंशांना ते ३२,००० तासांच्या आसपास जातं. कागदावर हे भरपूर आहे. पण बूचच खाल्लं जात असेल तर हा हिशोब लागू पडत नाही, कारण झिरपणं गाडी न चालवताही होत राहतं. म्हणूनच कुणी तीस वर्षं सीलबंद खोक्यात ठेवलेला ‘कोरा’ डबा मोठ्या किमतीला विकत असेल तर हुरळून जाऊ नये. आतला कपॅसिटर तितकाच म्हातारा असतो, कधी चालू गाडीतल्यापेक्षा वाईट अवस्थेत. कोऱ्या मालाचं हे आकर्षण मला फसवं वाटतं. उघडून, बोर्ड धुऊन, नवे कपॅसिटर लावलेला वापरलेला डबा त्याच्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

यातला विनोद असा की नेमका बिघडणारा भाग जगात कुठेही मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत त्या मापाचा १०५ अंशांचा कपॅसिटर काही रुपयांत मिळेल. दुरुस्तीवाला तो बदलतो, तुटलेली रेघ बारीक तारेने जोडतो, वरून दमट हवेपासून वाचवणारा लेप देतो आणि डबा आणखी वीस वर्षांना तयार होतो. अडचण तिथे येते जिथे बोर्डावरची मुख्य चिप मेलेली असते. त्या काळी कंपन्या स्वतःपुरत्या चिप बनवून घेत आणि बऱ्याचदा प्रोग्रॅमही चिप घडवतानाच तिच्यात कोरला जाई. अशी चिप बाजारात नव्हतीच कधी, मग जुन्या साठ्यात कुठून सापडणार? तिची कोरी प्रत आणून त्यात प्रोग्रॅम भरण्याचाही मार्ग नाही.

जिथे प्रोग्रॅम ईप्रॉम या साठवणुकीच्या वेगळ्या चिपवर असतो तिथे थोडी आशा असते. डोक्यावर काचेची खिडकी असलेली ही चिप इंटेलने १९७१ मध्ये आणली. अतिनील प्रकाशाने ती पुसली जाते, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावतात. तिच्यातला विद्युतभार वर्षानुवर्षं किंचित गळत राहतो आणि एखाद दिवशी शून्याचा एक वाचला जातो. शहाणा मालक गाडी ठणठणीत असतानाच ईप्रॉमची प्रत काढून ठेवतो. चिकटपट्टी निघालेली दिसली तर आधी ती लावावी, बाकीचं नंतर.

मग कंपन्या भाग बंद का करतात? अमेरिकेत अनेक जण ठामपणे सांगतात, की कायद्याने दहा वर्षं सुटे भाग पुरवावेच लागतात. असा सरसकट केंद्रीय कायदा तिथे नाही. बंधन आहे ते वॉरंटीचं, उदाहरणार्थ १९९५ पासूनच्या गाड्यांच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धुराच्या नियमांखाली आठ वर्षं किंवा ८० हजार मैल. पुढचं सगळं कंपनीच्या मर्जीवर आणि गोदामाच्या भाड्यावर.

खरी साखळी त्याहून खाली तुटते. सत्तरच्या दशकापर्यंत चिप बनवणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक लष्कर होतं. पुढे संगणक आले, फोन आले आणि चिपचं आयुष्य त्यांच्या वेगाने मोजलं जाऊ लागलं. मोटारीची मागणी त्यांच्यासमोर चिमूटभर. चिप बंद करायची असली की उत्पादक आगाऊ नोटीस देतो. उद्योगाच्या जेडेक मानकाप्रमाणे शेवटच्या ऑर्डरसाठी किमान सहा महिने, शेवटच्या मालासाठी बारा. याला ‘लास्ट टाइम बाय’ म्हणतात. डबा बनवणाऱ्या कंत्राटदाराने त्या सहा महिन्यांत अंदाज बांधायचा, की पुढच्या पंधरा वर्षांत १८ हजार गाड्यांपैकी किती जणांना हे पॅनेल लागेल. अंदाज कमी पडला तर भाग संपतो, जास्त झाला तर माल पडून राहतो. नुकसान कुठल्या बाजूला कमी, हे त्याला चांगलं कळतं. इंटेलचा १९८५ चा ३८६ प्रोसेसर २००७ पर्यंत बनत होता, पण तो अपवाद, कारण त्याला कारखान्यांची आणि विमानांची मोठी गिऱ्हाइकी होती. बंद झालेल्या चिपच्या वेफर (ज्यांतून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) आणि परवाने विकत घेऊन त्या पुढे पुरवण्याचा धंदाच अमेरिकेत उभा राहिलाय. मॅसॅच्युसेट्समधली रॉचेस्टर इलेक्ट्रॉनिक्स १९८१ पासून तेच करते.

त्यात भर पडली शिशाची. जुलै २००६ पासून युरोपात रोह्स नियम आले आणि इलेक्ट्रॉनिक मालातून, म्हणजे सोल्डरमधूनही, शिसं हद्दपार झालं. मोटारींना वेगळा कायदा असला तरी सुट्या भागांच्या उत्पादकांनी आपली उत्पादनाची पद्धतच बदलली. जुना बोर्ड पुन्हा तसाच बनवायचा म्हटलं तर सोल्डर वेगळं, वितळण्याचं तापमान वेगळं, चाचण्या नव्याने.

होंडाने १९९३ मध्ये जपानमध्ये ‘रिफ्रेश प्लॅन’ सुरू केला. मालकाने गाडी द्यायची, कंपनीचे लोक ती उलगडून पुन्हा जुळवणार. गाडी विक्रीत असतानाच अशी सोय करणारे फार थोडे. पण हे काम पूर्णपणे सुट्या भागांच्या पुरवठ्यावर चालतं, आणि इलेक्ट्रॉनिक भाग कारखान्यात हाताने ठोकून घडवता येत नाहीत.

निसानचं उदाहरण इथे बोलकं आहे. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी सुरक्षा नियमांच्या कचाट्यातून सुटून आयात करता येते. त्यामुळे १९८९ ची स्कायलाइन जीटी-आर २०१४ मध्ये तिथे कायदेशीर झाली आणि भाव चढले. डिसेंबर २०१७ मध्ये निसानने निस्मो या आपल्या शर्यतीच्या शाखेच्या नावाखाली या गाडीचे सुमारे ८० भाग पुन्हा विकायला काढले. त्यात वायरिंग हार्नेसही (गाडीभर फिरणाऱ्या वायरींचे जुडगे) होते, आणि तीस वर्षांच्या कडक झालेल्या, तडे गेलेल्या वायरी पाहिलेल्याला त्याचं मोल कळेल. त्याच महिन्यात माझदाने पहिल्या रोडस्टरच्या पुनर्बांधणीचे अर्ज घेतले, पुढे टोयोटाने जुन्या सुप्राचे भाग काढले. प्रेमापोटी वगैरे जाहिरातीत ठीक आहे. चाळीस हजारांवर बनलेल्या जीटी-आरला आता श्रीमंत गिऱ्हाईक मिळालं होतं, हे खरं कारण.

संख्या असली म्हणजे भागतं असंही नाही. शेवरोलेची पाचव्या पिढीची कॉर्व्हेट १९९७ ते २००४ मध्ये दोन लाखांहून जास्त बनली. तरी तिच्या ब्रेकचं कंट्रोल मॉड्यूल शेवरोलेची मालक कंपनी जीएमने बंद केलं. आता ते पोस्टाने दुरुस्तीवाल्याकडे पाठवायचं किंवा भंगारातल्या गाडीचं काढून लावायचं. दुसरं टोक म्हणजे मॅक्लारेनची एफ-वन ही सुपरकार. एकूण १०६ गाड्या, आणि त्यांची तपासणी चालायची कॉम्पॅक एलटीई ५२८० या नव्वदच्या दशकातल्या लॅपटॉपवर, कारण गाडीशी बोलणारं खास कार्ड त्यालाच बसायचं. कोट्यवधींच्या गाडीसाठी कंपनी जुने लॅपटॉप शोधत फिरली आणि मग आधुनिक संगणकाला चालेल असा जोड बनवायच्या मागे लागली. एफ-वनचे मालक असे, की त्यांच्यासाठी कुणीतरी हे करतंच.

एनएसएक्सवाल्याला इंजिनाचा डबा मेला तर बाजारातला स्वतंत्र ईसीयू बसवता येतो. गाडी सुंदर चालते, कदाचित जास्तच सुंदर. पण कॅलिफोर्नियात धूर तपासणीला तो डबा मंजूर यादीत असावा लागतो. १९९७ पासूनच्या गाड्यांत इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं कुलूप) आल्यामुळे दुसऱ्या गाडीचा ईसीयू नुसता काढून लावला तरी किल्ली ओळखली जात नाही. त्यामुळे अपघातात गेलेल्या गाडीचा डबा घेताना जाणकार किल्ल्याही मागून घेतात.

दुसऱ्या पिढीची एनएसएक्स २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत बनू लागली. इंजिनाच्या जोडीला तीन विजेच्या मोटर, बॅटरी, त्यांना सांभाळणारे कंट्रोलर, टचस्क्रीन. उत्पादन डिसेंबर २०२२ मध्ये थांबलं तेव्हा आकडा तीन हजारांच्या आत होता. पहिल्या पिढीच्या डब्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवता येतं. हिचे बदलून बसवलेले डबे मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळख पटवल्याशिवाय कामच करत नाहीत, आणि ते सॉफ्टवेअर किती वर्षं चालू ठेवायचं हे होंडाच्या हातात आहे.