सातवीची परीक्षा आठवीला गेली तेव्हा : कोल्हापूरच्या शिष्यवृत्ती निकालांमागचा इतिहास

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर गुणवत्ता यादीत आलेल्या मुलामुलींच्या छायाचित्रांचे फलक लागतात आणि छायाचित्रांखाली मार्गदर्शक शिक्षकांची नावेही आवर्जून छापली जातात. या नावांना अर्थ आहे. भुदरगड, कागल, राधानगरी यांसारख्या तालुक्यांनी या परीक्षेत जे नाव कमावले, ते मुख्यतः जिल्हा परिषदेच्या विद्यामंदिरांतील शिक्षकांनी शाळेच्या वेळेआधी आणि नंतर घेतलेल्या जादा तासांवर उभे राहिले. आठवीचा निकाल जुन्या सातवीच्या तोडीचा नाही, मुलांची तयारीच कमी पडते, अशी जी चर्चा होते, ती समजून घ्यायची असेल तर ही परीक्षा कोणत्या इयत्तेत आणि कोणाच्या शाळेत होत आली, हे आधी पाहावे लागते.

सर्वांसाठी शाळा ही गोष्ट या भागाला नवी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, पुढच्या वर्षी त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. त्याआधीच, १९०१ पासून, शहरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहू लागली होती, त्यामुळे खेड्यातल्या मुलाला पुढे शिकायला राहण्याची सोय मिळाली. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे राहिले आणि भुदरगडसारख्या डोंगराळ तालुक्यात शिक्षणाचे एक केंद्र तयार झाले. हेच नाईक पुढे देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. परीक्षेतल्या यशाचे सगळे श्रेय या इतिहासाला देणे धाडसाचे ठरेल, परंतु गावाने शाळेकडे आपली म्हणून पाहण्याची सवय इथे जुनी आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

राज्यातील शिष्यवृत्तीची योजना १९५४-५५ पासूनची आहे. अनेक दशके ही परीक्षा चौथीला आणि सातवीला होत असे आणि या दोन्ही इयत्ता प्राथमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर येत. जिल्हा परिषदेच्या शाळा साधारणपणे चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. मूल पहिलीपासून ज्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या नजरेखाली वाढले, त्यांनीच त्याला परीक्षेला बसवायचे, अशी ही रचना होती. कोणाचे गणित कच्चे आहे, कोण वाचताना अडखळतो, कोणाला घरी अभ्यासाला जागा नाही, हे शिक्षकाला वर्ष सुरू होण्याआधीच ठाऊक असे.

परीक्षेचे स्वरूप पाहिले की या ओळखीचे मोल कळते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण: पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. एका पेपरला दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहूनही कमी वेळ मिळतो. बुद्धिमत्ता चाचणीतील आरशातील प्रतिमा, जलप्रतिबिंब, संख्यामालिका, सांकेतिक भाषा हे घटक नेहमीच्या पाठ्यपुस्तकात शिकवले जात नाहीत, ते सरावानेच येतात. आठवीच्या परीक्षेत तर काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असत आणि दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळत. चार आठवड्यांत हे अंगवळणी पडत नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी आली. तिला अनुसरून २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला नेण्यात आली. कागदावर हा बदल एका इयत्तेचा होता, पण प्रत्यक्षात परीक्षेचे घरच बदलले. कोल्हापुरातील बहुसंख्य मुले आठवीला खासगी संस्थांच्या हायस्कुलात जातात. जूनमध्ये नव्या शाळेत आलेले मूल फेब्रुवारीत परीक्षेला बसणार, विषयवार शिक्षक वेगवेगळे, त्यांचे मुख्य लक्ष दहावीकडे, आणि ज्यांनी त्या मुलाला सात वर्षे घडवले ते शिक्षक मागे गावात. माझ्या मते आठवीच्या निकालाची तुलना जुन्या सातवीच्या निकालाशी करताना हा भाग विसरला जातो आणि दोष मुलांच्या तयारीला लावला जातो, हे अन्यायाचे आहे. पाचवीला झळ काहीशी कमी बसली, कारण कित्येक शाळांत पाचवीचा वर्ग होता. कोल्हापूर महापालिकेच्या जरगनगर विद्यामंदिरात प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालकांच्या रांगा लागतात, यावरून प्राथमिक स्तरावरील हा विश्वास किती टिकून आहे ते दिसते.

मध्येच कोरोनाचा काळ आला. वारंवार पुढे ढकललेली २०२१ ची परीक्षा ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा पंचगंगेचा जुलैमधला महापूर ओसरून जेमतेम काही आठवडे झाले होते. त्या वर्षीचे आकडे इतर वर्षांच्या पंक्तीत बसवताना हे ध्यानात ठेवावे.

राज्यभर परीक्षार्थींची संख्या घटत गेल्यानंतर शासनाने २०२५ मध्ये परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय केला आणि २०२५-२६ या संक्रमणाच्या वर्षासाठी चारही इयत्तांची परीक्षा ठरवली. शिष्यवृत्तीची रक्कम त्याआधीच, २०२३ मध्ये, आठवीसाठी वर्षाला १,५०० वरून ७,५०० रुपये झाली होती. सातवीचा वर्ग असलेल्या विद्यामंदिरांकडे ही परीक्षा परत येत असताना हायस्कुलांच्या आठवीकडे एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीची केंद्राची परीक्षा उरते. तिच्यातून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात आणि तिथेही बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न सोडवावे लागतात.