शिशाची ओतीव गोळी: आधी माप, मग कडकपणा

घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांचा ग्रुप (निशाण्यावर पडलेल्या भोकांचा घोळका) पसरला की पहिला संशय धातूवर जातो. शिसं मऊ पडलं, ते कडक करणारा अँटिमनी धातू वाढवा, असा सल्ला लगेच मिळतो. कधीकधी तो बरोबरही असतो. पण रायफलमध्ये ओतीव गोळी बहुतेक वेळा फसते ती दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या मापापायी, आणि ते माप चुकलेलं असेल तर कितीही कडक मिश्रधातू उपयोगाचा नाही.

तांब्याचं आवरण असलेली गोळी चिवट असते. नळीत ती जरा सैल असली तरी निभावून नेते. उघड्या शिशाचं तसं नाही. गोळी आणि नळीची भिंत यांच्यात फट राहिली की त्या फटीतून तापलेला वायू प्रचंड दाबाने पुढे पळतो, गोळीची कड कापत-वितळवत नेतो आणि ते शिसं नळीच्या पुढच्या आट्यांवर (गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचा आणि त्यांमधले उंचवटे) चिकटवतो. म्हणून ओतीव गोळी खाचांच्या व्यासापेक्षा ०.०२५ ते ०.०५ मिमी मोठी ठेवतात. .३० कॅलिबरच्या नळीत उंचवट्यांमधला व्यास ७.६२ आणि खाचांचा ७.८२ मिमी असतो. आवरणाची गोळी ७.८२ची, तर ओतीव गोळी ७.८५ ते ७.८७ची हवी.

मात्र हे आकडे कागदावरचे. जुन्या लष्करी नळ्यांत, विशेषतः ब्रिटिश .३०३ रायफलींत, खाचांचा व्यास ७.९२पासून ८ मिमीच्या पुढेही सापडतो. त्यामुळे आपली नळी मोजल्याशिवाय साचा विकत घेऊ नये. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा, नळी स्वच्छ करून हलकं तेल फिरवा. शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा (मासेमारीच्या गळाचं वजन चालतं) नळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून बसवा आणि पितळी टोकाच्या दांड्याने हळूहळू पुढे ढकला. हाताला लागणारा जोर सारखा राहिला पाहिजे. मध्येच दांडा सैल पळाला तर नळी तिथे रुंद आहे. पलीकडून निघालेल्या तुकड्यावरचे उंच पट्टे म्हणजे नळीच्या खाचा. त्यांच्यावरचं अंतर मायक्रोमीटरने मोजा, व्हर्निअर कॅलिपरने नको. ली-एनफिल्डसारख्या पाच खाचांच्या नळीत मात्र एका खाचेसमोर दुसरी खाच नसते, तिथे साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. त्यासाठी व्ही आकाराच्या आधाराचा मायक्रोमीटर लागतो.

एवढं करूनही गोळी लहान होऊ शकते, तीही काडतुसात बसताना. केसचं (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं) तोंड फाकवणारा सामान्य रॉड आवरणाच्या गोळीच्या मापाचा असतो. त्या अरुंद तोंडात मऊ गोळी दाबली की पितळच तिला आवळून बारीक करतं. तपास सोपा आहे: बसवलेली एक गोळी पुलरने (काडतुसातून गोळी उपसणाऱ्या अवजाराने) बाहेर काढून पुन्हा मोजा. बसवताना ७.८७ असलेली गोळी ७.८३ होऊन निघाली, तर दोष साच्यात नाही, मोठ्या मापाचा फाकवणारा रॉड हवा. याची दुसरी बाजू सुरक्षिततेची. जाड गोळीमुळे केसची मानही जाड होते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) तिला फुलायला जागा उरली नाही तर गोळी सहज सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. भरलेल्या काडतुसाची मान चेंबरच्या मानेपेक्षा निदान ०.०५ मिमी बारीक असावी.

मापानंतर गोळीचा तळ. अमेरिकी प्रयोगकर्ते फ्रँकलिन मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळ्या मुद्दाम बिघडवून झाडल्या. नाकावरची इजा फारशी नडत नाही, तळावरची नडते, हे त्यांनी दाखवलं. कारण तोंडातून बाहेर पडताना नळीचा संपर्क सर्वांत शेवटी सोडतो तो तळ. त्याची एक कड तुटकी असेल तर त्या बाजूने वायू क्षणभर आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. साच्यावरच्या स्प्रू प्लेटने (ओतण्याचं भोक असलेल्या सरकत्या पट्टीने) वरचं जादा शिसं घाईने कापलं तर नेमकी हीच कड फाटते. वरच्या शिशाची चकाकी जाऊन ते मळकट झालं की आणखी दोन-तीन सेकंद थांबा, मग कापा. तळ भिंगाखाली धरा: कड चाकूच्या धारेसारखी पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. कुठेही गोलाई दिसली तर गोळी परत भांड्यात.

भांड्याचं तापमान ३७० ते ४०० अंश सेल्सिअस ठेवतात. साचा थंड किंवा तेलकट असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती खरखरीत, पांढुरकी निघते. या पांढुरकेपणाला लोक उगाच घाबरतात. कडा भरलेल्या असतील तर अशी गोळी उत्तम चालते. २ टक्के कथिलामुळे धातू साच्याचे कोपरे नीट भरतो, पण ४०० अंशांच्या वर कथील भराभर जळतं आणि फायदा संपतो. वर मळी धरली की ती काढून टाकू नका. मेणाचा तुकडा किंवा लाकडाचा भुसा टाकून ढवळलं की ऑक्साइड झालेलं कथील परत धातूत येतं. जस्त मात्र वैरी. गोळ्यांसाठी वाहनांच्या चाकांचा तोल साधणारी वजनं वितळवतात, त्यांतली काही जस्ताची असतात, आणि जस्त ४१९ अंशांना वितळतं. वजनं वितळवताना तापमान त्याखाली राखलं तर ते तुकडे वर तरंगतात आणि काढून टाकता येतात.

आता आतली पोकळी. समजा १ घन मिमीचा बुडबुडा गोळीत राहिला, म्हणजे ११ मिलिग्रॅम धातू कमी. ११.६ ग्रॅमच्या गोळीत तो अक्षापासून २.५ मिमीवर असेल तर गुरुत्वमध्य ०.००२४ मिमी सरकतो. हास्यास्पद आकडा वाटेल. पण दहा इंचांना एक फेरा देणाऱ्या नळीतून ५५० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे २१६५ गिरक्या घेत असते. नळीत ती स्वतःच्या आकाराच्या अक्षाभोवती फिरते. नळी सुटताच गुरुत्वमध्याला सेकंदाला ३ सेंमीहून थोडा अधिक आडवा वेग मिळतो. १०० मीटर पार करायला लागणाऱ्या ०.१९ सेकंदांत ती ६ मिमी बाजूला जाते. दुसऱ्या गोळीतली पोकळी विरुद्ध बाजूला असेल तर दोघींत १२ मिमीचं अंतर. हाच बुडबुडा अक्षावर असता तर काहीच झालं नसतं, म्हणून गोळ्या तोलून वेगळ्या करण्याचा फायदा अर्धवटच. बुडबुडे कमी करण्याचा उपाय साच्यावरच आहे: ओतताना वर शिशाचा भरपूर ढीग ठेवा, आकुंचन पावणारी गोळी त्यातून धातू ओढून घेते. एक युक्तीही आहे. साच्याच्या एका अर्ध्यावर बारीक खूण कोरून प्रत्येक काडतूस ती खूण वर ठेवून चेंबरमध्ये घालायचं. साच्यामुळे येणारा दोष तसाच राहतो, पण सगळ्या गोळ्या एकाच दिशेला ढळतात.

याच गणितातून वेगाची मर्यादाही कळते. ५५० मीटर प्रतिसेकंद वेगाला गोळी मिनिटाला सुमारे १,३०,००० फेरे घेते. कित्येक नेमबाजांचे ग्रुप १,२०,००० ते १,४०,०००च्या दरम्यान फाकू लागतात. हा निसर्गनियम नाही. उत्तम ओतलेली गोळी त्यापलीकडेही जाते, आणि संथ पिळाच्या नळीत तोच वेग कमी फेऱ्यांत मिळतो.

मग कडकपणाचं काय? ब्रिनेल या कडकपणाच्या मापावर शुद्ध शिसं ५, चाकांची वजनं १२च्या आसपास, ९० टक्के शिसं आणि ५-५ टक्के कथील-अँटिमनीचं मिश्रण १५, जुन्या छापखान्यांचा अक्षरांचा मिश्रधातू लिनोटाइप २२. त्याच साच्यातून लिनोटाइपची गोळी किंचित मोठी आणि हलकी निघते, हे मिश्रण बदलताना विसरू नये. चाकांच्या वजनांच्या गोळ्या साच्यातून थेट पाण्यात टाकल्या तर २०च्या वर जातात. २५२ अंशांना शिशात साडेतीन टक्के अँटिमनी विरघळतं, खोलीच्या तापमानाला जेमतेम. अचानक गार केल्याने ते अडकून पडतं आणि पुढच्या काही दिवसांत अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर येऊन धातूला आवळतं. अशा गोळ्या मापाच्या डायमधून (गोळी दाबून नेमक्या व्यासाची करणाऱ्या कड्यातून) त्याच दिवशी काढा. कडक झाल्यावर दाबल्या तर पृष्ठभाग पुन्हा मऊ पडतो, आणि आटे धरतात तो पृष्ठभागच. पाण्याची बादली भांड्यापासून दूर, खाली ठेवा. वितळलेल्या शिशाखाली गेलेला एक थेंब वाफ होऊन सगळं भांडं तोंडावर उडवतो.

साधारण ४५० मीटर प्रतिसेकंद वेगापर्यंत १२-१५ कडकपणाची साध्या तळाची गोळी पुरते. त्यापुढे तळाला तांब्याची छोटी टोपी, म्हणजे गॅस चेक, बसवावी. वंगण म्हणून मधमाशीचं मेण आणि अॅलॉक्स (पेट्रोलियमपासूनचं मेणकट वंगण) निम्मं-निम्मं ही जुनी, भरवशाची जोडी आहे. शिसं चेंबरजवळ चिकटलं तर गोळी लहान आहे. तोंडाजवळ चिकटलं तर वंगण वाटेत संपलं. आवरणाच्या गोळ्यांचं तांबं नळीत असेल तर आधी ते पूर्ण काढा, नाहीतर त्यावर शिसं धरतं आणि तुम्ही भलताच दोष शोधत बसता.

विषबाधेचा धोका मुख्यतः मळीच्या भुकटीतून आणि हातातून तोंडात जाणाऱ्या शिशातून असतो. ओतताना खाणं-पिणं नाही, उघडी हवा हवी, नंतर साबणाने हात. बॅटरीतलं शिसं वापरूच नका. त्याच्या मळीला ओल लागली की आर्सिन आणि स्टिबिन हे विषारी वायू सुटू शकतात. आणि काडतुसं भरण्याचा परवाना लागतो का, हे आपापल्या देशाच्या कायद्यात आधी पाहावं.

राहता राहिला ग्रुप मोजण्याचा प्रश्न. रायफलचा खरा विखुरपणा न बदलता तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप त्या विखुरपणाच्या (प्रमाण विचलनाच्या) २.४ पट, पाचांचा ३.१ पट आणि दहांचा ३.८ पट येतो. म्हणजे तीन गोळ्यांचा २५ मिमीचा ग्रुप आणि दहांचा ४० मिमीचा ग्रुप एकाच दर्जाचे. दोन मिश्रधातूंची तुलना करायची तर दोन्हींचे दहा-दहा गोळ्यांचे निदान दोन ग्रुप एकाच दिवशी, आलटून-पालटून झाडा, आणि ‘ही एक चुकून गेली’ म्हणून एकही भोक वगळू नका.