खेवसुर प्रेमकथा: रात्रीची सोबत वेगळी, सोयरीक वेगळी

जॉर्जियाच्या डोंगरी भागावरच्या कथा-कादंबऱ्यांत मुलगा आणि मुलगी रात्री शेजारी झोपतात असं आलं, की वाचक लगेच पुढच्या लग्नाची वाट पाहू लागतो. खेवसुरेती या तिथल्याच एका डोंगरी भागात (तिथले लोक ते खेवसुर) मात्र या रात्रीतून लग्न निघायचंच नाही. ही प्रथा म्हणजे ‘स्त्सोरप्रोबा’, आणि सोयरीक ही पूर्णपणे वेगळी गोष्ट.

स्त्सोरप्रोबात मध्यस्थ असायचा, त्याला ‘एल्ची’ म्हणत. तो निरोप पोचवी, मग अंधार पडल्यावर मुलगी मुलाकडे येई. सोबत थोडी घरची दारू. दोघं एकमेकांच्या कुशीत पडून बोलत, कुरवाळत. पण शरीरसंबंधाला सक्त मनाई. मूल झालंच तर फार मोठी नामुष्की. जोडीदार बहुतेक आपल्याच गावातला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत भावकीतला. बहीण-भावासारखं नातं मानलेलं, म्हणून लग्न अशक्य. नवरा शोधायचा तो बाहेरच्या गावात, आणि तो ठरवायचा घरच्यांनी. लग्नानंतर नवरा-बायकोनं चारचौघांत जवळीक दाखवणं लाजिरवाणं. एकमेकांचं नावही घ्यायचं नाही. ज्याच्याशी मन मोकळं केलं तो नवरा होत नाही, आणि नवऱ्याशी लोकांसमोर बोलायचीही चोरी. मला तर कथेचं खरं बीज इथेच दिसतं, आणि खेवसुर लोकगीतांत तेच भरभरून येतं. भाषाशास्त्रज्ञ अकाकी शानिद्झे यांनी १९३१ साली त्या गीतांचा मोठा संग्रह छापला.

शेजारच्या प्शावी भागात अशाच प्रथेला ‘त्सात्स्लोबा’ म्हणत. तिथेही लग्न निषिद्धच, त्यामुळे नियमांचा गाभा जवळपास सारखा. तरी कथाकार दोन्ही भाग सरसकट ‘डोंगराळ’ म्हणून एकत्र करतात, तेव्हा वाईट वाटतं. प्शावीचा कवी वाझा-प्शावेला (१८६१–१९१५) स्वतः या मातीतला. त्यानं आपल्या लोकांवर वर्तमानपत्रांत लेख लिहिले. असा घरचा आवाज मिळाला की फरक पडतो.

मिखेइल जावाखिश्विली यांच्या ‘पांढरी कॉलर’ (१९२६) या कादंबरीत गोष्ट आणखी गुंतते. नायक तिबिलिसीचा, बाहेरचा माणूस. खातुता या खेवसुर मुलीशी त्याचं नातं जुळतं. तो भावकीतला नाही, म्हणून जे गावातल्या मुलाला बंद ते त्याला खुलं. शहरी वाचकाला हे प्रेम सहज पटतं. पण तेच प्रेम स्त्सोरप्रोबाचा नमुना समजलं, तर प्रथेची गाठच सुटते.

खेवसुर कथा हातात आली तर आधी एवढंच पाहा: मुलगा कुठल्या गावचा? तिच्याच गावचा असेल तर शेवटी लग्न लावणाऱ्या लेखकाला प्रथा कळलेली नाही, किंवा त्यानं ती जाणूनबुजून मोडली आहे. आणि मोडली असेल तर गावानं काय केलं, हे त्यानं सांगायलाच हवं.